विषाणू की जीवाणू : औषध आणण्याआधी काय पाहावे

पावसाळ्यात ढगाळ हवा आठ-दहा दिवस लागून राहिली की जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागांमध्ये एखाद्‌दुसऱ्या झाडाच्या कोवळ्या पानावर पिवळसर पट्टे उमटतात, आणि बहुधा त्याच सुमारास घरातले एखादे मूल तापाने फणफणते. दोन्ही वेळा आपण आधी दुकान गाठतो. कृषी सेवा केंद्रातून पुडी येते, मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी येते, आणि हा रोग कोणत्या प्रकारच्या जंतूमुळे झाला आहे, हे विचारायचे राहून जाते. हा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे, कारण त्याच्या उत्तरावर पुढचा सगळा उपाय अवलंबून असतो.

मी यावल तालुक्यात राहतो. शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवले आणि घरची केळीची बागही सांभाळली. काही वर्षांपूर्वी आमच्या मृगबागेत (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीत) लागवडीनंतर दीड महिन्याने बारा-पंधरा झाडांवर हरण्या दिसला, म्हणजे ज्याला बागायतदार आता सरळ ‘सीएमव्ही’ म्हणतात तो कुकुंबर मोझॅक. एका दुकानात पान दाखवले, तेव्हा तेथे प्रतिजैविकाची पुडी आणि सोबत ताम्रयुक्त बुरशीनाशक हातात पडले. दोन फवारण्या झाल्या, सोळा दिवस गेले, आणि तेवढ्या अवधीत हा रोग पसरवणारी मावा ही बारीक कीड त्या झाडांवरून उडून बागेच्या मधल्या सऱ्यांपर्यंत पोहोचली. शेवटी दोनशेहून अधिक झाडे उपटावी लागली. पुडीतले औषध बनावट नव्हते. ते जीवाणूंवर चालणारे होते आणि बागेतला रोग विषाणूचा होता. हाच धडा मी वर्गात फळ्यावर शिकवत आलो होतो आणि तरीही बांधावर उभा असताना तो प्रश्न मी विचारला नाही, याची खंत मला आजही आहे.

मूळ भेद कुठे आहे

जीवाणू हा एकाच पेशीचा, पण पूर्ण जीव आहे. त्याला स्वतःची पेशीभित्ती असते, अन्न पचवून ऊर्जा मिळवण्याची सोय असते, प्रथिने तयार करणारी रायबोसोम नावाची यंत्रणा असते आणि वंशाची माहिती साठवणारा डीएनए असतो. स्वतंत्र चूल मांडलेल्या कुटुंबासारखे त्याचे असते : ओलावा, ऊब आणि अन्न मिळाले की तो दुसऱ्या कोणाची वाट न पाहता एकाचे दोन, दोनाचे चार असा वाढत जातो. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू अनुकूल परिस्थितीत साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. हा वेग दहा तास टिकला, तर एका जीवाणूपासून शंभर कोटींहून अधिक जीवाणू होतील. प्रत्यक्षात अन्न संपते आणि कचरा साचतो, म्हणून तसे होत नाही. परंतु सकाळचे वरण उन्हाळ्यात संध्याकाळी का आंबते, हे एवढ्या हिशेबावरून समजते.

विषाणूकडे चूलच नाही. त्याच्यापाशी असतो तो फक्त मजकूर, म्हणजे डीएनए किंवा आरएनएचा एक तुकडा, आणि त्या तुकड्याभोवती प्रथिनांचे वेष्टन. काही विषाणूंना त्यावर चरबीचे आणखी एक आवरण असते. ‘माझ्यासारखे आणखी तयार करा’ एवढाच निरोप लिहिलेली ती घडी घातलेली चिठ्ठी आहे असे समजावे. हवेतील थेंबात, दाराच्या कडीवर किंवा विळ्याच्या पात्यावर पडून असताना विषाणू खात नाही, श्वास घेत नाही आणि एकाचा दोन होत नाही. त्याला मानवेल अशा पेशीत त्याचा शिरकाव झाला की मात्र ती पेशी स्वतःची ऊर्जा आणि स्वतःची रायबोसोमे वापरून त्याच्या शेकडो प्रती तयार करते, आणि त्या प्रती शेजारच्या पेशींकडे निघतात.

विषाणू सजीव की निर्जीव, हा वाद जुना आहे. वेंडेल स्टॅन्ली यांनी 1935 मध्ये तंबाखूवरील मोझॅक विषाणूचे साखरेसारखे स्फटिक तयार करून दाखवले, आणि ते स्फटिक पाण्यात विरघळवून निरोगी पानावर चोळले असता रोग पुन्हा उद्भवला. तेव्हापासून सजीवाची व्याख्याच डळमळीत झाली. माझ्या मते शेतकऱ्याने किंवा घरच्या माणसाने या वादात फार शिरण्याचे कारण नाही. जो खातच नाही त्याला उपाशी मारता येत नाही आणि ज्याला स्वतःची भिंत नाही त्याची भिंत पाडता येत नाही, एवढे ध्यानात आले तरी औषधाच्या दुकानात उभे राहून योग्य प्रश्न विचारता येतो.

आकारातील फरकही मनात पक्का करून ठेवावा. ई. कोलायची लांबी साधारण 2 मायक्रोमीटर असते, तर केळीवरील सीएमव्हीचा कण सुमारे 29 नॅनोमीटरचा, म्हणजे त्याच्या जवळजवळ सत्तराव्या हिश्शाएवढा असतो. जीवाणू हाताच्या वितीएवढ्या केळाइतका मोठा आहे असे मानले, तर हा विषाणू बाजरीच्या दाण्याएवढा भरेल, आणि त्याच मापाने आपल्या डोक्याच्या केसाची जाडी आठ मीटरच्या आसपास जाईल. शाळेतल्या चांगल्या सूक्ष्मदर्शकातून जीवाणू दिसतात. विषाणू दिसण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. दिमित्री इवानोव्स्की यांनी 1892 मध्ये रोगट तंबाखूच्या पानांचा रस जीवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून गाळला, तरी त्या रसाने रोग होतच राहिला. 1898 मध्ये बायरिंक यांनी तोच प्रयोग पुढे नेऊन, हा जीवाणूंपेक्षा वेगळ्याच जातीचा घटक आहे असे मांडले. त्याच वर्षी लोफ्लर आणि फ्रॉश यांनी गुरांच्या लाळ्या-खुरकुताबाबत हेच सिद्ध केले. गोठ्यातला हा नेहमीचा रोग जनावरांच्या विषाणूजन्य रोगांपैकी सर्वांत आधी ओळखला गेलेला आहे.

नावांमुळेही गोंधळ होतो, म्हणून एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. लॅटिनमध्ये ‘व्हायरस’ म्हणजे विष, त्यावरून आपला ‘विषाणू’ हा शब्द आला. मात्र विषमज्वर, म्हणजे टायफॉईड, हा जीवाणूचा रोग आहे. त्या नावातला शब्द ‘विष’ नसून ‘विषम’ आहे.

विरजणाचा पुरावा

प्रतिजैविक, ज्याला आपण बोलताना ‘अँटिबायोटिक’ म्हणतो, ते जीवाणूवरच का चालते हे समजून घेण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. विरजणाचे भांडे पुरते. दही लावणे म्हणजे दुधात लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंची पेरणी करणे होय. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा चमचाभर विरजणाने दुपारच्या आत दही घट्ट लागते, कारण ऊब मिळताच ते जीवाणू झपाट्याने वाढतात. आता असे समजा की म्हशीला स्तनदाह झाला, पशुवैद्यकांनी सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली, आणि घरात कोणाला न सांगता त्याच धारेचे दूध विरजले. दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यात पाहावे तर वर पातळ साय, खाली जसेच्या तसे दूध आणि तळाशी विरजणाचा न विरघळलेला गोळा. आमच्या घरी हे घडले तेव्हा आईने विरजण खराब म्हणून फेकले, शेजारून दुसरे आणले, आणि तेही लागले नाही. दुधात उतरलेल्या औषधाने विरजणातले जीवाणू वाढूच दिले नव्हते. अशा औषधानंतर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस दूध डेअरीत घालू नये, घरातही वापरू नये, आणि वासरालाही पाजू नये, हा नियम त्यासाठीच आहे.

त्या औषधाने नेमके काय केले? पेनिसिलीन आणि त्याच्या कुळातील औषधे जीवाणूला पेशीभित्ती बांधू देत नाहीत. स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लिन जीवाणूच्या रायबोसोमवर बसून प्रथिनांचे काम थांबवतात. आपल्या पेशींना तशी भिंत नसते आणि आपले रायबोसोम जीवाणूंहून वेगळ्या घडणीचे असते, म्हणून औषध जीवाणूला मारते आणि आपल्याला वाचवते. विषाणूला भिंतही नाही आणि स्वतःचे रायबोसोमही नाही. तो आपल्याच पेशीची यंत्रणा वापरतो. त्यामुळे प्रतिजैविकाला प्रहार करण्यासाठी जागाच उरत नाही. गोळी जोरदार घेतली, दोनदा घेतली किंवा सुईवाटे घेतली, म्हणून यात फरक पडत नाही.

विषाणू जीवाणूंनाही सोडत नाहीत, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटते. ट्वॉर्ट यांनी 1915 मध्ये आणि देरेल यांनी 1917 मध्ये जीवाणूंना फोडणारे विषाणू शोधले; त्यांना जीवाणूभक्षी म्हणतात, आणि मोठ्या डेअऱ्यांमध्ये त्यांच्यामुळे कधीकधी विरजणाचे संपूर्ण टाकेच्या टाके बिघडते. जीवाणू म्हणजे सगळे शत्रूच, असेही मानू नये. हरभऱ्याचे रोप मुळासकट उपटून एखादी गाठ नखाने फोडली आणि ती आतून गुलाबी निघाली, तर रायझोबियम जीवाणू तेथे हवेतला नत्र पिकासाठी बांधत आहेत असे खुशाल समजावे.

शेतात कसे पाहावे

रोगट झाड दिसले की आधी पान तोडू नये. दहा पावले मागे सरून, रोगट झाडे शेतात कशी विखुरली आहेत ते पाहावे. एका बाजूच्या सलग पट्ट्यातली सगळी झाडे सारखीच बिघडली असतील, तर बहुधा तो रोग नसून खत, पाणी किंवा तणनाशकाचा परिणाम असतो. कपाशीत हे विशेष जपून पाहावे : शेजारच्या शेतात 2,4-डी हे तणनाशक फवारले आणि वाऱ्याने त्याचे तुषार आले, की कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी चिरलेली आणि लांबट होतात, आणि पुष्कळ शेतकरी तो ‘व्हायरस’ समजून बसतात. ज्या बाजूने वारा आला ती बाजू अधिक बिघडलेली असेल, तर आधी शेजाऱ्याला फवारणीबद्दल विचारावे. याउलट निरोगी झाडांमध्ये मधूनच एखादे झाड पूर्ण बिघडलेले असेल, तर उडणाऱ्या किडीने आणलेल्या विषाणूची शंका घ्यावी.

त्यानंतर शेंड्याकडे पाहावे. विषाणू झाडाच्या रसाबरोबर वाढत्या भागाकडे जातो, म्हणून त्याची खूण बहुतेक वेळा नव्या पानावर उमटते : हिरवा-पिवळा ठिपकेदार किंवा पट्टेदार रंग, चुरगळलेले किंवा अरुंद झालेले पान, दोन पेऱ्यांमधील अंतर कमी होऊन खुजे राहिलेले झाड. जीवाणूचे ठिपके सुरुवातीला पाणी भरल्यासारखे, तेलकट दिसतात. पान उन्हासमोर धरले की ते अर्धपारदर्शक भासतात. डाळिंबावरील रोगाला ‘तेल्या’ हे नाव यावरूनच पडले आहे. कपाशीवरील जीवाणूजन्य करप्याचे ठिपके पानाच्या बारीक शिरांपाशी अडतात आणि म्हणून कोनाकृती होतात, तर बुरशीचे ठिपके बहुधा शिरा ओलांडून गोल पसरतात. वादळी पावसानंतर चार-सहा दिवसांनी असे ठिपके वाढले, तर जीवाणूचा संशय आणखी बळावतो, कारण पावसाचा मार आणि वारा त्यांना पानावरून पानावर नेतो.

वासालाही महत्त्व द्यावे. सडलेल्या भागाला घाण वास येत असेल आणि बोटाने दाबल्यावर बुळबुळीत द्रव सुटत असेल, तर तेथे जीवाणू काम करत आहेत. परंतु केळीत येथेच फसगत होते. सीएमव्ही बळावला की पोंगा, म्हणजे मधले न उलगडलेले पान, सडतो, त्या सडीत जीवाणू मागाहून शिरतात आणि वास येऊ लागतो. वासावर विसंबून जीवाणूचे औषध फवारले की मूळ रोग नजरेतून सुटतो. म्हणून पोंगा सडलेल्या झाडाची पोंग्याच्या लगत खालची दोन-तीन पाने उजेडासमोर धरून त्यांवर पिवळे पट्टे आहेत का, हे आधी तपासावे.

वांगे, टोमॅटो किंवा मिरचीचे हिरवेगार झाड एकाएकी माना टाकते, तेव्हा घरच्या घरी करता येण्यासारखी एक साधी परीक्षा आहे. भरताच्या वांग्याच्या शेतात ती मी अनेकांना करून दाखवली आहे. असे झाड जमिनीलगत कापून खोडाचा वीतभर तुकडा घ्यावा, माती धुऊन टाकावी आणि धारदार ब्लेडने खालचे टोक ताजे कापावे. काचेच्या स्वच्छ पेल्यात नितळ पाणी भरून तो तुकडा दोऱ्याने असा टांगावा की कापलेले टोक पाण्यात जेमतेम बुडेल. पेल्यामागे काळे कापड धरावे, पेला हलवू नये आणि पाच-दहा मिनिटे थांबावे. जीवाणूजन्य मर असेल, तर कापलेल्या टोकातून दुधाळ, धुरासारखी बारीक धार सावकाश तळाकडे उतरताना दिसते. ती धार म्हणजे खोडाच्या नळ्यांतून बाहेर पडणारे लक्षावधी जीवाणू. बुरशीच्या मरीत खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेघ सापडू शकते, पण अशी धार उतरत नाही. विषाणूच्या रोगातही ती उतरत नाही.

मिरचीच्या चुरडा-मुरड्याबाबत, म्हणजे पाने वळून चुरगळण्याबाबत, नंदुरबारकडील शेतकऱ्यांना काही नवे सांगावे असे नाही, तरी एक गोष्ट वारंवार विसरली जाते. पाने वरच्या बाजूला वाटीसारखी वळली असतील तर बहुधा फुलकिडे, आणि खालच्या बाजूला वळली असतील तर कोळी ही सूक्ष्म कीड कारणीभूत असते. या दोन्हींत विषाणू असेलच असे नाही, आणि किडीचा बंदोबस्त झाल्यावर नवी फूट सरळ येते. पाने बारीक होऊन एकत्र गोळा झाली, झाड खुजे राहिले आणि पानाखाली पांढरी माशी सापडली, तर मात्र विषाणू धरून चालावे. दहापट भिंग खिशात ठेवावे आणि पान उलटून पाहावे.

विषाणू आहे हे ठरल्यावर झाडासाठी औषध शोधत बसू नये, कारण शेतात फवारून झाडातला विषाणू मारील असे औषध नाही. काम करायचे ते बाकीची बाग वाचवण्याचे. सीएमव्ही पसरवणाऱ्या किडींमध्ये कपाशीवरील मावाही येतो, आणि हा मावा रोगट पानात सोंड खुपसून काही सेकंदांतच विषाणू उचलतो व पुढच्या झाडाला तितक्याच झटपट देतो; कीटकनाशकाने तो मरण्याआधीच त्याचे काम झालेले असते. त्यामुळे केवळ फवारणीवर भिस्त ठेवून चालत नाही. लागवडीनंतर पहिले तीन-चार महिने दर चार-पाच दिवसांनी बाग ओळीने फिरावी, खूण दिसलेल्या झाडावर आधी माव्यासाठी शिफारशीचे कीटकनाशक मारावे, मग झाड मुळासकट काढून बागेतून फरफटत न नेता पोत्यात भरून बाहेर न्यावे आणि जाळावे किंवा खोल पुरावे. बागेत आणि बांधावर काकडी, भोपळा, गिलके, चवळी, टोमॅटो, मिरची यांचे वेल किंवा झाडे ठेवू नयेत, कारण हा विषाणू हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींमध्ये राहू शकतो आणि ही पिके त्याची आवडती घरे आहेत. रोगट खोडाचे मुनवे (बुंध्याशी फुटणारी नवी रोपे) कधीही लागवडीस घेऊ नयेत.

ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या ‘टिश्यू कल्चर’ रोपांबद्दल एक गैरसमज फार नुकसान करतो. रोप प्रयोगशाळेतून आले, म्हणजे ते सर्व रोगांपासून मुक्त असते, असे समजले जाते. बाटलीतल्या पोषक द्रव्यात जीवाणू किंवा बुरशी असली तर ती बहुधा लवकरच वाढून डोळ्यांना दिसते आणि ती बाटली फेकली जाते. परंतु विषाणू पेशीच्या आत असतो, द्रव्यात वाढत नाही आणि काही दाखवत नाही. मातृवृक्षात विषाणू असेल, तर एकाची हजार रोपे होताना विषाणूच्याही हजार घरांची सोय होते. म्हणून रोपे घेताना मातृवृक्षाची विषाणू तपासणी झाली आहे का, हे लेखी विचारावे. जैवतंत्रज्ञान विभागाने ऊतिसंवर्धित रोपांसाठी प्रमाणीकरणाची पद्धत 2006 मध्येच सुरू केलेली आहे. जळगावच्या केळी संशोधन केंद्रातही याबाबत मार्गदर्शन घ्यावे.

तंबाखू मळणाऱ्या हातांनी टोमॅटो आणि मिरचीच्या रोपांना हात लावू नये, हेही मी कळकळीने सांगतो. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही वर्षानुवर्षे टिकतो आणि त्याला किडीची गरज नसते. पुनर्लागवड करताना बोटांनी रोपाला झालेली सूक्ष्म जखम त्याला पुरते. मजुरांसाठी बांधावर साबण आणि पाण्याची बादली ठेवावी.

गोठ्यात

2022 च्या लम्पीच्या, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाच्या, साथीत महाराष्ट्रातील प्रादुर्भाव ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातील चिनावलपासून समोर आला, त्यामुळे आपल्या भागाला या रोगाची ओळख करून देण्याची गरज नाही. लम्पी आणि लाळ्या-खुरकूत हे विषाणूचे रोग आहेत. घटसर्प, फऱ्या आणि बहुतांश स्तनदाह जीवाणूंचे आहेत. घटसर्पात पहिल्या काही तासांत योग्य प्रतिजैविक मिळाले, तर जनावर वाचू शकते, म्हणून गळ्याला सूज, घरघर आणि तीव्र ताप दिसताच रात्र असली तरी पशुवैद्यकांना बोलवावे. लम्पीमध्ये पशुवैद्यक प्रतिजैविक देतात, तेव्हा ‘मग हा जीवाणूचाच रोग झाला ना’ असे पुष्कळजण विचारतात. ते औषध फुटलेल्या गाठींच्या जखमांत मागाहून शिरणाऱ्या जीवाणूंसाठी असते. मूळ विषाणूशी जनावराचे शरीरच लढते. विषाणूच्या रोगांत खरी भिस्त आधी दिलेल्या लसीवर असते, आणि लम्पीत माश्या, डास व गोचीड यांच्या बंदोबस्तावरही. बुळकांडी हा गुरांचा भयंकर विषाणूजन्य रोग लसीकरणाच्या बळावर 2011 मध्ये जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. कोंबड्या पाळणाऱ्यांनी नंदुरबार जिल्ह्यातले नवापूर विसरू नये : भारतातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी 2006 मध्ये तेथेच आढळला. एकाएकी अनेक पक्षी मेले तर त्यांना उघड्या हातांनी न हाताळता पशुसंवर्धन विभागाला कळवावे.

घरातल्या तापात

सर्दी, नाक गळणे, घसा खवखवणे आणि अंगदुखी अशी एकत्र लक्षणे असलेला ताप बहुधा विषाणूचा असतो आणि आठवड्याच्या आत उतरतो. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे जीवाणूच आहेत, ही समजूत चुकीची आहे. तरीही लक्षणांवरून घरी निदान करून मोकळे होऊ नये, कारण टायफॉईड, मलेरिया आणि डेंग्यू यांचे पहिले दोन-तीन दिवस सारखेच दिसू शकतात. त्यातला टायफॉईड जीवाणूचा, डेंग्यू विषाणूचा आणि मलेरिया या दोहोंहून वेगळ्या परजीवीचा. दवाखान्यात गेल्यावर ‘एक सुई मारी द्या’ असे म्हणण्याऐवजी, ‘हा ताप विषाणूचा वाटतो की जीवाणूचा, आणि तपासणी लागेल का’ असे विचारावे. बहुतेक डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो, असा माझा अनुभव आहे.

तपासण्यांमध्येही हाच भेद दिसतो. लघवी किंवा रक्ताचे ‘कल्चर’ म्हणजे पोषक द्रव्यात जीवाणू वाढवून पाहणे, म्हणून त्याचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि कोणते औषध त्या जीवाणूवर चालेल हेही त्यात कळते. विषाणू असा वाढत नाही. डेंग्यूसाठी एनएस-1 सारखी त्याच्या प्रथिनाची तपासणी करतात, कोविडसाठी आरटी-पीसीआरने त्याचा मजकूरच शोधतात.

डेंग्यूचा संशय असेल, तर ॲस्पिरीन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि विश्रांती हा उपचाराचा गाभा आहे. पोटात सतत दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा अतिशय मरगळ दिसली, तर ताप उतरला असला तरी तातडीने रुग्णालय गाठावे. धोक्याचा काळ पुष्कळदा ताप उतरल्यावरच सुरू होतो.

विषाणूंवर औषधेच नाहीत, असेही समजू नये. इन्फ्लुएंझा, नागीण, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांच्यावर नेमकी विषाणूरोधक औषधे आहेत, परंतु ती एकेका विषाणूसाठी घडवलेली असतात आणि डॉक्टरच ती ठरवतात. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही. ज्या गोळ्यांच्या पट्टीच्या मागे उभी लाल रेघ असते, ती चिठ्ठीशिवाय घेऊ नये. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलेच असेल, तर ते सांगितले आहे तसेच आणि तितकेच दिवस घ्यावे; उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून पुढच्या तापात दुसऱ्याला देऊ नयेत. विनाकारण घेतलेल्या गोळीने विषाणूचे काहीच बिघडत नाही, पण शरीरातले कमकुवत जीवाणू मरून औषधाला न जुमानणारे तेवढे मागे राहतात, आणि खऱ्या न्यूमोनियाच्या वेळी तीच गोळी निकामी ठरू शकते.

नमुना पाठवताना

शेतातला निर्णय स्वतःला होत नसेल, तर नमुना नीट पाठवावा. वाईट नमुन्यावर चांगला तज्ज्ञही काही सांगू शकत नाही. जीवाणूचा संशय असेल, तर पूर्ण सडलेला भाग न घेता, ठिपक्याची अशी कडा घ्यावी जिच्यात अर्धा भाग रोगट आणि अर्धा निरोगी असेल, कारण जीवाणू त्या सीमेवर जिवंत असतात. विषाणूचा संशय असेल, तर खूण स्पष्ट दिसणारे कोवळे पान घ्यावे. दोन्ही नमुने कोरड्या वर्तमानपत्रात वेगवेगळे गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावेत, पाणी शिंपडू नये, उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवू नयेत आणि शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावेत. सोबत एका कागदावर लागवडीची तारीख, वाण, रोपे कोठून आणली, रोगट झाडे एकूण किती आणि कशी विखुरली आहेत, शेजारी कोणते पीक आहे आणि गेल्या पंधरा दिवसांत आपण किंवा शेजाऱ्याने काय काय फवारले, हे सगळे लिहावे. फवारलेल्या औषधांची रिकामी पाकिटे असतील, तर तीही एका वेगळ्या पिशवीत सोबत न्यावीत.